नॉट म्हणजे नुसतं 'नाही' नव्हे!

प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावर ज्या सूचना छापलेल्या असतात त्या आपल्यापैकी किती जण वाचतात? आपला हात डायरेक्ट पहिल्या प्रश्नाकडे जातो, खरं की नाही? पण कधीतरी शांतपणे (म्हणजे पेपर संपल्यावर!) त्या सूचना वाचून बघा. समजा तिथे लिहिलंय, "ऑल क्वेश्चन्स आर नॉट कम्पल्सरी." याचा अर्थ काय? एक अर्थ असा की सगळेच प्रश्न सक्तीचे आहेत असं नाही, काही ऑप्शनला टाकता येतील. दुसरा अर्थ असा की एकही प्रश्न सक्तीचा नाही, खुशाल घरी जा! पेपर काढणाऱ्या सरांच्या मनात दुसरा अर्थ नसणार हे आपल्याला कळतं, पण ते वाक्य वाचून नाही, सरांचा स्वभाव माहीत असल्यामुळे. वाक्य मात्र दोन्ही अर्थ पोटात घेऊन बिनधास्त बसलेलं असतं.

हा सगळा प्रताप "नॉट" या शब्दाचा. इंग्रजीत याची स्पेलिंग फक्त तीन अक्षरांची. केजीतल्या पोरालाही येते. मी पहिल्यापासून कॉन्व्हेंटची, त्यामुळे ग्रामरचे तक्ते भरपूर घोकलेत. हेल्पिंग व्हर्बच्या पुढे नॉट ठेवा, वाक्य निगेटिव्ह झालं, दोन मार्क घ्या आणि पुढे चला! पण नॉट कुठे ठेवायचा एवढंच शाळेत शिकवतात. ठेवल्यावर तो वाक्याचा नेमका केवढा भाग गिळतो, हे कोणी सांगत नाही. आणि खरी गोम तिथेच आहे. आपण बूलियन एक्स्प्रेशन लिहितो तेव्हा डोक्यावरचा बार ए वरच आहे की ए आणि बी दोघांवर, यावरून आख्खं उत्तर बदलतं. इंग्रजी वाक्यातही तसा बार असतोच, फक्त तो दिसत नाही!

मराठीत हा घोळ बराच कमी होतो, कारण आपण नकाराचं काम एकाच शब्दाच्या डोक्यावर टाकलेलं नाही. एकट्या चहावरून बघा. मी चहा पीत नाही. मेसमध्ये मिळतो तो चहा नव्हे. आज मला चहा नको. झोपायच्या आधी चहा पिऊ नये. अगं, तो पिऊ नकोस, त्यात माशी पडलीय. चहा न पिता ओरलला कोण जातं? सवय, ओळख, इच्छा, उपदेश, हुकूम... प्रत्येकाला वेगळा नकार! शिवाय आपला नकार समोरचा माणूस ओळखतो. तो नाही, तू नाहीस, ते नाहीत, ती नव्हती, आम्ही नव्हतो. इंग्रजीत आजूबाजूची मंडळी बदलते, "डोन्ट" येतो, "इजन्ट" येतो, "शुडन्ट" येतो, पण ओझं वाहणारा हमाल तोच. राजा असो की रंक, नॉट म्हणजे नॉट.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, अर्थ तर लागतो ना? नेहमी लागत नाही. एका हॉस्टेलच्या बोर्डावर (कुठल्या ते विचारू नका) उन्हाळ्याच्या सुट्टीआधी नोटीस लागली होती. "ऑल स्टुडंट्स आर नॉट रिक्वायर्ड टू व्हेकेट देअर रूम्स." लिहिणाऱ्याच्या मनात होतं की सगळ्यांनी खोल्या रिकाम्या करायची गरज नाही, फक्त खालच्या मजल्यावरच्यांनी करायच्या, कारण तिथे दुरुस्ती निघाली होती. कुठल्या खोल्या ते ऑफिसात विचारायचं होतं. फर्स्ट इयरच्या एका मुलीने वाचलं की कोणालाच रिकामी करायची गरज नाही. ती मराठी मीडियमची, गाव एसटीने चौदा तासांवर. तिने ट्रंकेला कुलूप लावलं आणि घरी गेली. दुरुस्तीवाले आले, ट्रंक व्हरांड्यात ठेवली गेली आणि वळवाच्या पावसात आतली ओरिजिनल मार्कशीट आणि स्कॉलरशिपची कागदपत्रं भिजून लगदा झाली.

परत आल्यावर ती कोणाशी भांडली नाही. आपलं इंग्रजी कच्चं म्हणून आपण चुकलो, असंच ती धरून बसली होती. ती नोटीस मी चार वेळा वाचली. तिने काढलेला अर्थ शंभर टक्के बरोबर होता. लिहिणाऱ्याचाही बरोबर होता. नॉट फक्त "रिक्वायर्ड" ला लावला तर कोणालाच गरज नाही; तोच नॉट "ऑल" पर्यंत मागे ओढला तर सगळ्यांना गरज नाही, काहींना आहे. यात कच्चं कोणाचं इंग्रजी होतं? "नॉट ऑल स्टुडंट्स" अशी सुरुवात केली असती तर एकच अर्थ उरला असता. "नो स्टुडंट" म्हटलं असतं तरी एकच. दोन शब्दांची जागा बदलायची, खर्च शून्य!

असाच दुसरा सापळा म्हणजे नॉट आणि "बिकॉज" एकाच वाक्यात येणं. "आय डिड नॉट टेक मेकॅनिकल बिकॉज माय फादर टोल्ड मी टू." हा मुलगा मेकॅनिकलला आहे की नाही? सांगा बघू! एका अर्थाने तो मेकॅनिकलला आहेच, फक्त वडिलांनी सांगितलं म्हणून नव्हे, स्वतःच्या आवडीने. दुसऱ्या अर्थाने तो मेकॅनिकलला नाहीच, कारण वडिलांनी तसं बजावलं होतं. बोलताना आवाजाच्या चढउताराने फरक कळतो, लिहिताना तोही आधार जातो. मराठीत आपण सहज म्हणतो, "मी मेकॅनिकल घेतलं ते बाबांनी सांगितलं म्हणून नव्हे." तो "नव्हे" बरोबर कारणाच्या पाठीवर जाऊन बसला. "घेतलं" ला धक्कासुद्धा लागला नाही. हा "नव्हे" हल्ली बोलण्यातून कमी होत चाललाय, त्याच्या जागी सगळीकडे "नाही" येतो. मला तरी हे नुकसान वाटतं.

आता "मस्ट नॉट" आणि "नीड नॉट" घ्या. "मस्ट" म्हणजे केलंच पाहिजे आणि "नीड टू" म्हणजे करायची गरज आहे, दोघं जवळजवळ सख्खे भाऊ. पण नॉट लावला की दोघांच्या वाटा वेगळ्या! "यू मस्ट नॉट टच द टर्मिनल" म्हणजे हात लावायचाच नाही. "यू नीड नॉट टच द टर्मिनल" म्हणजे लावायची गरज नाही, लावलास तर तुझी मर्जी. पहिल्यात सक्ती शाबूत आहे आणि न करण्याची सक्ती आहे. दुसऱ्यात नॉटने सक्तीच खाऊन टाकली. चारशे चाळीस व्होल्टच्या पॅनेलसमोर उभं असताना हा फरक कळलेला बरा. "मे नॉट" तर आणखीच लबाड आहे. "ही मे नॉट कम" म्हणजे कदाचित तो येणार नाही, पण तेच दारावर "व्हिजिटर्स मे नॉट एन्टर" लिहिलं की ती मनाई!

ज्यांना हे शब्द काटेकोर लागतात त्यांनी सरळ व्याख्याच करून टाकल्या. कॉम्प्युटरवाल्यांनी नेटवर्किंगमध्ये आरएफसी हा शब्द ऐकला असेल, म्हणजे इंटरनेटचे नियम ज्यात लिहितात ती कागदपत्रं. त्यातला २११९ नंबरचा, १९९७ सालचा आरएफसी फक्त असल्या शब्दांचे अर्थ ठरवण्यासाठी आहे. "मस्ट नॉट" म्हणजे पूर्ण बंदी. "शुड नॉट" म्हणजे शक्यतो करू नये, पण एखाद्या विशिष्ट परिस्थितीत करायला योग्य कारण असू शकतं. मात्र परिणामांचा पूर्ण विचार करूनच करा. मराठीत सांगायचं तर "करायचं नाही" आणि "करू नये" यांच्यातला फरक त्यांनी कायद्यासारखा लिहून ठेवला.

सिव्हिलवाल्यांच्या आयएस ४५६ : २००० मध्ये कॉलमच्या उभ्या सळ्यांबद्दल असंच काटेकोर बंधन आहे. कॉलमच्या एकूण छेदाच्या ०.८ टक्क्यांपेक्षा कमी नाही आणि ६ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. इथे "नॉट लेस दॅन" म्हणजे "किमान". पण त्याच जागी "नो लेस दॅन" बोलण्यात आलं की सूर बदलतो. "नो लेस दॅन सिक्स्टी स्टुडंट्स केम" म्हणजे चक्क साठ जण आले! "नॉट लेस दॅन" फक्त सीमा आखतो, "नो लेस दॅन" डोळे विस्फारतो.

हा नॉट आला कुठून, त्याचीही गंमत आहे. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नॉट नव्हताच. नकारासाठी क्रियापदाच्या आधी नुसता "ने" लावत, अगदी आपल्या "न" सारखा. (आपण आणि इंग्रज भाषेच्या नात्याने दूरचे भाऊबंद, त्यामुळे हे साम्य योगायोगाचं नाही.) मग जोर देण्यासाठी लोक वाक्यात आणखी एक शब्द घालू लागले, "नाविट", म्हणजे काडीचंही नाही, एक कणसुद्धा नाही. आपण नाही का म्हणत, तिळमात्र नाही, औषधालाही नाही? तसंच. हळूहळू जोर ओसरला, "नाविट" झिजून "नॉट" झाला, आणि मूळचा "ने" इतका क्षीण झाला की लोकांनी तो टाकूनच दिला. म्हणजे मदतीला बोलावलेला पाहुणा घराचा मालक झाला! फ्रेंचमध्येही हेच चाललंय. तिथे "ने" च्या जोडीला "पा" आला, ज्याचा मूळ अर्थ पाऊल, आणि रोजच्या बोलण्यात आता "ने" गळतो, एकटा "पा" नकार देतो. ओट्टो येस्पर्सन या डॅनिश भाषातज्ज्ञाने १९१७ साली नकारावर आख्खं पुस्तक लिहून हे चक्र दाखवून दिलं.

एवढ्याशा शब्दावर एवढा भार टाकला की तो गळला तर काय होतं? १६३१ साली लंडनमध्ये रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन लुकास या राजाच्या छापखानेवाल्यांनी बायबल छापलं आणि दहा आज्ञांपैकी व्यभिचाराची मनाई करणाऱ्या आज्ञेतून "नॉट" गळला. झालं, मनाईचा थेट आदेश झाला! (ही प्रोटेस्टंट मोजणीने सातवी आज्ञा, कॅथॉलिक मोजणीने सहावी. एवढं कॉन्व्हेंटचं शिक्षण कामी आलं.) छापणाऱ्यांना तीनशे पौंड दंड झाला, परवाना गेला, सापडतील त्या प्रती नष्ट केल्या. थोड्या उरल्या त्या आज "दुष्ट बायबल" म्हणून जपून ठेवल्यात. आपल्याकडे "ध चा मा" ची गोष्ट सांगतात. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो एका अक्षराच्या बदलामुळे, अशी ती दंतकथा. इंग्रजांना तर अक्षर बदलायचीही गरज पडली नाही, एक शब्द विसरला की झालं. म्हणूनच तारेच्या जमान्यात सरकारी आणि लष्करी संदेशांत "नॉट रिपीट नॉट" असं दोनदा लिहायची पद्धत होती. आपल्याकडची तार २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली, पण मोबाइलवर घाईत मेसेज टाइप करताना ही युक्ती अजूनही वापरण्यासारखी आहे!

आता वळूया आमच्या लॅबकडे, कारण नॉट म्हटलं की ई अँड टीसीवाल्यांना आधी त्रिकोण आणि त्याच्या टोकावरचा गोळा दिसतो. ७४०४ ही चौदा पायांची आयसी, आत सहा नॉट गेट, सात नंबरला ग्राउंड, चौदाला सप्लाय. या सगळ्यामागचं गणित जॉर्ज बूलने १८५४ च्या पुस्तकात मांडलं, त्याच्याकडे नकार म्हणजे एकमधून वजाबाकी. आणि ज्याचे नियम आपण पाठ करतो तो डी मॉर्गन? तो १८०६ साली आपल्या मदुराईत जन्मला! त्याचा नियम तुम्ही मेसमध्ये रोज वापरता. "आय डोन्ट टेक टी ऑर कॉफी" म्हणजे चहा घेत नाही आणि कॉफीही घेत नाही. बार तुटला, "ऑर" चा "अँड" झाला. तेच "टी अँड कॉफी" म्हटलं की पुन्हा गोंधळ. दोन्ही नको की दोन्ही एकदम नको?

दोन नॉट गेट एकापुढे एक जोडले की वनचा झिरो आणि झिरोचा वन होऊन जे घातलं तेच बाहेर येतं, थोडासा डिले सोडला तर. भाषेत दोन नकार म्हणजे होकार का? रॉबर्ट लोथ नावाच्या धर्मगुरूंनी आपल्या व्याकरणात तसा नियम सांगितला आणि तो शाळाशाळांतून चिकटला. त्याआधी चौदाव्या शतकातला चॉसर एका वाक्यात चार चार नकार घालत असे, आणि ते एकमेकांना मारत नसत, उलट बळ देत. आजही अनेक इंग्रजी बोलींत "आय डोन्ट नो नथिंग" म्हणजे मला काहीच माहीत नाही असाच अर्थ होतो. आमच्या मिस हे ऐकून पट्टी उगारत, पण कोट्यवधी लोक तसं बोलतात त्याला काय करणार!

बरं, नियम पाळून दोन नकार लावले तरी हिशेब जुळत नाही. "नॉट अनहॅपी" म्हणजे "हॅपी" नव्हे. दुःखी नाही, पण आनंदी आहे असंही नाही, मधली कुठलीतरी अवस्था. जॉर्ज ऑर्वेलने १९४६ मधल्या एका निबंधात या "नॉट अन" च्या सवयीची यथेच्छ टिंगल केली. मला मात्र ती टिंगल पूर्ण पटत नाही. आपल्याकडे कोणी "वाईट नाही" म्हटलं तर ती किती मोठी पावती असते हे पुण्यात राहिलेल्यांना विचारा! आणि "अभ्यास केला नाही असं नाही" हे वाक्य "अभ्यास केला" या वाक्यात कसं मावेल? त्या दोन नकारांच्या फटीतच तर आपलं सगळं सेमिस्टर जातं. म्हणजे भाषा ७४०४ सारखी नाही, ती सी प्रोग्रॅमिंगसारखी आहे. सी मध्ये ५ च्या आधी नॉटचं उद्गारचिन्ह दोनदा लावा. पहिल्याने ० होतो, दुसऱ्याने १. पाच काही परत मिळत नाही!

आता ज्याने ओरलमध्ये सगळ्यात जास्त घोटाळे होतात ते सांगते. नकारार्थी प्रश्नाला उत्तर देताना आपलं "हो" आणि इंग्रजीचं "यस" एकमेकांकडे पाठ करून उभे असतात. कोणी विचारलं, "तुझं जेवण नाही ना झालं अजून?" तर आपण म्हणतो, "हो ना, नाही झालं." आपलं "हो" समोरच्याच्या म्हणण्याला दुजोरा देतं, तुझं बरोबर आहे म्हणून. इंग्रजीत दुजोऱ्याला किंमत नाही, उत्तरातलं क्रियापद होकारार्थी की नकारार्थी एवढंच बघायचं. झालं नसेल तर "नो, आय हॅवन्ट". मग एक्स्टर्नल विचारतात, "यू हॅवन्ट कम्प्लीटेड द जर्नल?" आणि मुलगा मराठी डोक्याने नम्रपणे म्हणतो, "यस सर." सर खूश होऊन हात पुढे करतात, "शो मी!" मुलाने खोटं काही सांगितलेलं नाही. एक्स्टर्नलना मात्र वाटतं, हा खोटारडा आहे. म्हणून नकारार्थी प्रश्न आला की नुसतं यस किंवा नो म्हणून थांबू नका, पुढचे दोन शब्द बोलाच. "नो सर, आय हॅवन्ट." संपलं.

कॅम्पस इंटरव्ह्यूत याचाच एक छुपा भाऊ भेटतो, ज्यात नॉट दिसतही नाही. "डू यू माइंड वर्किंग नाइट शिफ्ट्स?" नोकरी हवी आहे म्हणून आपण उत्साहाने "यस!" म्हणतो. पण "माइंड" म्हणजे हरकत. प्रश्न असा होता, रात्रपाळीला तुमची हरकत आहे का? आणि आपण सांगितलं, आहे! इथे मराठीवर भरवसा ठेवा. मनात "हरकत आहे का?" असं म्हणा, उत्तर आपोआप "मुळीच नाही" येईल. त्यालाच इंग्रजीत म्हणतात "नॉट ॲट ऑल".